खोमणे यांचं पुस्तक

“हे खोमणे कोण?” काळदाते मॅडमनी विचारलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आम्ही चौघं चार चौकोनांत बसलो होतो. वर डॉ. मृणाल काळदाते, बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक. आलेल्या म्हणजे काय, आपल्या घरात बसूनच बोलत होत्या. त्यांच्या शेजारी आमच्या कॉलेजचे समाजशास्त्राचे रणनवरे सर. त्यांनी मोबाइल असा काही ठेवला होता की सरांचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसत होतं. खाली रेश्मा वाघमोडे, एम.ए.ची विद्यार्थिनी. तोंडी परीक्षा तिचीच चालली होती, आणि घरात रेंज नाही म्हणून ती गावातल्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसली होती. चौथी मी, शैलजा पाटसकर, कॉलेजची ग्रंथपाल.

माझं खरं तर तिथं काही काम नव्हतं. प्रबंधात उचलेगिरी केलेली नाही असं प्रमाणपत्र ग्रंथालयाला द्यावं लागतं, म्हणून नियमाप्रमाणे मला बसवलं होतं. २०२१ चा जुलै चालू होता. कॉलेज बंद होऊन सव्वा वर्ष झालेलं. त्या आठवड्यातली ती चौदावी तोंडी परीक्षा. डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती आणि ‘माझा आवाज येतोय का’ हे वाक्य पुन्हा ऐकलं तर मी कुणाच्या तरी डोक्यात रजिस्टर घालीन अशा अवस्थेला आले होते. रिकाम्या ग्रंथालयात एकटीच बसून कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेतानं शेंगदाणे खात होते.

“खोमणे, गो. त.,” काळदाते मॅडम वाचायला लागल्या. “‘माणदेशातील मेंढपाळ समाज’. २००९. पळसवन प्रकाशन. मी वीस वर्षं या विषयावर काम करतेय, पण हे नाव कधी ऐकलं नाही.”

शेंगदाणा माझ्या घशातच अडकला. कारण ते नाव मी ऐकलं होतं. गोरख खोमणे आमच्याकडे दूध घालायचा.

त्याचं असं झालं होतं. टाळेबंदी लागली, वर्ग मोबाइलवर सुरू झाले आणि मुलं जे निबंध पाठवायला लागली ते बघून प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. कुणी लेखकाच्या जागी ‘गूगल’ लिहायचं, कुणी ‘व्हॉट्सॲपवरून साभार’. एका पठ्ठ्यानं तर ‘संदर्भ : माझा मावसभाऊ’ असंही लिहिलं होतं. प्राचार्यांनी मला फर्मान सोडलं, मुलांना माहिती कशी शोधायची, कशी पारखायची, संदर्भ कसा द्यायचा, याची पुस्तिका काढा. मी आठ दिवस खपून बारा पानांची पुस्तिका केली. चौथ्या पानावर संदर्भाचा नमुना द्यायचा होता. म्हटलं, लंडन-न्यूयॉर्कची पुस्तकं कशाला द्या, मुलांना आपलं वाटेल असं काहीतरी देऊ. माणदेश म्हटलं की मेंढरं आलीच. लेखकाचं नाव सुचेना, तेवढ्यात फाटकावर खोमणेनं भोंगा वाजवला. झालं. पुस्तक तयार झालं, वर्ष पडलं, पृष्ठ ११२ सुद्धा पडलं. खाली ‘हे उदाहरण काल्पनिक आहे’ एवढं लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे डोक्यातच आलं नाही. नमुना कुणी खरा धरील असं कुणाला वाटतं?

वर ती पुस्तिका विद्यापीठाला आवडली. आदर्श म्हणून सगळ्या कॉलेजांना गेली. तालुक्याच्या पेपरात माझा फोटो आला. मी तो कापूनही ठेवला होता.

“मूलभूत काम आहे मॅडम ते,” रणनवरे सरांचं कपाळ बोललं. “जरा दुर्लक्षित राहिलं इतकंच. मी स्वतः चाळलंय.”

काय हा माणूस! 

“मग तुम्ही भाग्यवान,” काळदाते मॅडम म्हणाल्या. “ऐका, या मुलीनं काय लिहिलंय. ‘कळपाचा मुक्काम किती लांब ठेवायचा हे गाभण मेंढी दिवसाला किती चालेल यावर ठरतं. म्हणून जुन्या वाटांवरच्या तळांमधलं अंतर सारखं नाही. मेंढ्या जिथं वितात त्या टापूत तळ जवळजवळ आहेत, पुढे ते लांबत जातात. खोमणे, २००९, पृष्ठ ११२.’ सर, मी या वाटांचे नकाशे काढलेत. तळांमधलं अंतर असं का, हे कोडं मला आठ वर्षं सुटलेलं नव्हतं. आणि हे गृहस्थ बारा वर्षांपूर्वी दोन ओळींत सांगून मोकळे झालेत! मला हे पुस्तक बघायचंय.”

रेश्मानं मान खाली घातली. तिच्या मागच्या भिंतीवर कुणीतरी रंगवलेला बाराखडीचा तक्ता होता, तेवढाच दिसत होता.

“आणि पुस्तक नसेल,” काळदाते मॅडमचा आवाज बदलला, “तर मात्र मला हा प्रबंध मंजूर करता येणार नाही. खोटा संदर्भ दिला तर प्रबंध रद्द, वर्ष वाया. तुमच्याच विद्यापीठाचा नियम आहे, माझा नाही. रेश्मा, पुस्तक आहे ना?”

“हाय मॅडम,” रेश्मा म्हणाली. “आमच्या लायब्ररीत असंल.”

“आहे की,” रणनवरे सर लगेच म्हणाले. “होय ना हो पाटसकर मॅडम?”

त्या वेळी मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. एक शब्द. पण सव्वा वर्षात इतक्या गोष्टींना ‘बघते’, ‘करते’, ‘पाठवते’ म्हणून झालं होतं की तोंडाला तीच सवय लागली होती.

“बघावं लागेल,” मी म्हटलं. “कपाटं बंद आहेत बरेच दिवस.”

“बघा ना. आता साडेबारा झालेत. मी तीनला परत येते. मुखपृष्ठ आणि ते पान कॅमेऱ्यासमोर धरा, माझं काम झालं.”

चौकोन विझले. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी खरोखर उठले आणि समाजशास्त्राच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिले. किल्ली लावली, दार उघडलं, एकेका पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. नसलेलं पुस्तक शोधायला अख्खा तास लावता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. हातांना धूळ लागली, पाय भरून आले आणि मनात एकच घोळत होतं, की या पोरीचं आता काय होणार.

कारण मला तिच्या घरचं ठाऊक होतं. कॉलेज चालू असताना ती रोज चारच्या एस.टी.पर्यंत ग्रंथालयात बसायची. वडील मेंढरं घेऊन सहा-सात महिने फिरतीवर, घरी आई आणि आजी. एम.ए. झाली तर बी.एड.ला जाऊ द्यायचं, नाही झाली तर दिवाळीनंतर मामाच्या पोराशी लग्न, असं घरात ठरलेलं. “मामाचा पोरगा वाईट न्हाय मॅडम,” ती एकदा हसून म्हणाली होती, “पर त्याला माझ्याशी बोलायला काय सुचतच न्हाय, आन मला त्याच्याशी.” हे वर्ष गेलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं.

दीड वाजता तिचाच फोन आला.

“मॅडम, सापडलं का हो पुस्तक?”

तिच्या आवाजात आशा होती. ती खरोखरच आशेनं विचारत होती. मी खुर्ची ओढून बसले.

“रेश्मा, तू ते पुस्तक वाचलंयस?”

“न्हाय, मॅडम.”

“मग ते पान एकशे बारा कुठून आणलंस?”

“तुमच्या पुस्तिकेतनं. तितंच लिवलेलं होतं, पानासकट.”

“आणि मजकूर?”

“मजकूर आबांचा हाय. माज्या वडलांचा. फिरतीवरनं आले की मी त्यांला एकेक इचारायची, आन ते सांगत्यात ते वहीत उतरवून ठेवायची. पर रणनवरे सर म्हणाले, ‘हे सगळं ठीकाय, पण याला आधार कुठाय? पुस्तकाचा आधार दे, नाहीतर काट.’ मग म्या तुमच्या पुस्तिकेत खोमणे सरांचं पुस्तक बघितलं. मेंढपाळांवरच होतं. मिळालं न्हाय कुटं. पर म्हटलं, एवढं मोठं पुस्तक मेंढपाळांवर, तर त्यात हेच असणार की. दुसरं काय असंल?”

 

“अगं पण विचारायचं तरी! मला एक मेसेज टाकायचा.”

“टाकला होता मॅडम. तीनदा.” ती तक्रारीच्या सुरात म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण ती अगदी हळू, मलाच सांभाळून घेतल्यासारखी म्हणाली.

फोन कानाला तसाच धरून मी कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वर सरकवत गेले. होते. सप्टेंबरात एक, डिसेंबरात एक, फेब्रुवारीत एक. ‘मॅडम खोमणे सरांचे पुस्तक ग्रंथालयात आहे का.’ ‘मॅडम खोमणे सरांचा नंबर मिळेल का, काही शंका आहेत.’ ‘मॅडम त्या पुस्तकाचे फक्त ११२ नंबरचे पान फोटो काढून पाठवाल का.’ आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर, तेच ते, मी एकदाच टाइप करून ठेवलेलं आणि दिवसाला पन्नास पोरांना चिकटवलेलं. ‘ग्रंथालय बंद आहे. माहिती साक्षरता पुस्तिका पाहावी.’ खाली पुस्तिकेची फाईल जोडलेली.

बाराशे विद्यार्थी होते हो आमच्याकडे. त्यातल्या एकीनं तरी संदर्भ तपासायला म्हणून तीन वेळा विचारलं, आणि मी तिला तीन वेळा त्याच चौथ्या पानावर परत पाठवलं. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

“ते पुस्तक नाही रेश्मा,” मी सांगून टाकलं. “ते नुसतं उदाहरण होतं. मीच बनवलेलं.”

 

“म्हंजे खोमणे सर न्हाईतच?”

“नाहीत.”

“मग मी खरं सांगून टाकते मॅडम. काळदाते मॅडम चांगल्या हायेत. सांगते, आबांनी सांगितलं म्हणून. तुमच्या पुस्तिकेत सातव्या पानावर लिवलंय न्हवं, मुलाखत हाबी संदर्भ असतो म्हणून? मला वाटलं होतं ती मोठ्या माणसाची लागती. आबांची चालंल का?”

“मुलाखत तज्ज्ञांची असते,” मी म्हटलं. “वडिलांनी सांगितलं असं प्रबंधात लिहून चालत नाही. हसतील तुला. आणि खोटा संदर्भ दिला तो दिलाच, वर्ष जाईल ते जाईलच. तू काही बोलू नकोस. मी सांभाळते.”

“पर आबांचं…”

“आबांचं काय?”

“काय न्हाय, मॅडम,” ती म्हणाली. “तुमी म्हणाल तसं.”

तीनला चौकोन पुन्हा उजळले. मी सकाळीच लावून ठेवल्यासारखा गंभीर चेहरा केला आणि सांगितलं की पुस्तकाची आमच्याकडे एकच प्रत होती, खालच्या कप्प्यात होती, ग्रंथालय बंद असताना त्या कपाटाला वाळवी लागली आणि चाळीसेक पुस्तकं गेली, त्यात तेही गेलं. वाळवी खरीच लागली होती. खोट्याला जरा खऱ्याचं अस्तर असलं की ते बरं टिकतं, हे तीस वर्षांच्या नोकरीत शिकले होते.

“अरेरे!” काळदाते मॅडम मनापासून हळहळल्या. “प्रकाशकाकडे?”

“ते बंद पडलं, मॅडम.”

“केव्हाच,” रणनवरे सरांनी पुस्ती जोडली. “अहो, खोमणेही गेले ना मधे.”

दूधवाला खोमणे त्या दिवशी सकाळीच आला होता. पण मी मान हलवली.

काळदाते मॅडम थोडा वेळ कागद चाळत राहिल्या. मग रेश्माकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे त्या पुस्तकातलं जे काही उरलंय ते आता तुझ्या प्रबंधातच. तू खूप काळजीनं टिपलंयस, बाळ. असं मूळ साधन शोधून काढणारे विद्यार्थी आता राहिले नाहीत. माझ्या पुढच्या लेखात मी याचा उल्लेख करणार आहे, तुझ्या नावासकट. बोल, तुला काही सांगायचंय?”

रेश्मानं मान वर केली. तिचे ओठ हलले. ती कॅमेऱ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडेही बघत होती. मी डोळे खाली घातले आणि समोरचं रजिस्टर उगाच सरळ केलं.

“न्हाय मॅडम,” ती म्हणाली. “धन्यवाद.”

‘अ’ श्रेणी मिळाली. रणनवरे सरांनी मला फोन करून ‘निभावलंत बुवा’ म्हणून सांगितलं. मी घरी जाऊन जेवलेही नाही, तशीच आडवी झाले. सुटले असं वाटायला हवं होतं, पण नुसता थकवा होता, अंगातून न निघणारा.

पुढे फेब्रुवारीत कॉलेज उघडलं. एका दुपारी रेश्मा आली, बी.एड.ला प्रवेश घेतल्याचं सांगायला. सोबत तिचे वडील होते, फिरतीवरून दोन दिवस घरी आलेले. उंच, काटक माणूस, खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका. चपला बाहेर काढून, उंबऱ्यापाशी थबकून त्यांनी एवढाल्या कपाटांकडे एकदा नजर फिरवली.

“पोरीनं लिवलंय म्हनं बुक,” ते म्हणाले. “जरा दावता काय? मला वाचाय येत न्हाय. पर बघावं म्हनलं.”

मी प्रबंध काढून टेबलावर ठेवला. त्यांनी हात धोतराला पुसून तो उघडला, पानं उलटली, उलटा धरलाय म्हणून रेश्मानं सरळ करून दिला.

“वाचून दावा की थोडं, बाईसाहेब.”

काय वाचू? पान मी नाही निवडलं. त्यांनीच कुठंतरी बोट ठेवलं. मी वाचायला लागले. वाट कशी ठरते, पाण्यापेक्षा विसाव्याचा विचार आधी का करतात, गाभण मेंढी किती चालते, तळ कुठं जवळ पडतात. ते मान डोलवत ऐकत होते. मधेच ‘बराबर’ म्हणत होते. शेवटी कंस आला. मी गाळू शकले असते. पण इतक्या दिवसांनी मला आणखी एक गोष्ट गाळण्याचं त्राण नव्हतं. मी वाचलं, “खोमणे, २००९, पृष्ठ ११२.”

“ह्यो खोमणे कोन?” त्यांनी विचारलं.

रेश्मा खिडकीबाहेर बघत होती.

“हुशार मानूस दिसतोय,” ते कौतुकानं म्हणाले. “आमच्यासंगं कवा फिरला व्हता काय? न्हाय, बिनफिरता ह्ये कळायचं न्हाय कुनाला. नाव काय आठवंना मला. पर त्येला सांगा बाईसाहेब, येक ऱ्हायलंय बगा त्यात. पुसाच्या थंडीत वारं आडवं असतंय, तवा तळ टेकाडाच्या अलीकडं टाकत्यात, पलीकडं न्हाय. न्हायतर कोकरं गारठून मरत्यात. त्येवढं त्येच्या बुकात घालाय सांगा. लोकांच्या उपेगी पडंल.”

त्या क्षणी मला कळलं, मी जुलैमध्ये काय केलं होतं. मी पोरीचं वर्ष वाचवलं असं स्वतःला सात महिने सांगत आले होते. खोटं होतं ते. मुलाखत हा संदर्भ चालतो, कुणाचीही चालते, मेंढपाळाची तर सोन्याहून मोलाची, हे मला त्या दिवशीही पुरतं ठाऊक होतं. काळदाते मॅडमनी ते डोक्यावर घेतलं असतं. रेश्माला चार शब्द ऐकावे लागले असते, दुरुस्ती करून द्यावी लागली असती, बस. फक्त तो खोटा नमुना कुणी छापला हा प्रश्न निघाला असता, आणि त्याचं उत्तर मी होते. पोरीनं मला खरा रस्ता स्वतःहून दाखवला होता आणि मी तिला तिथून परत फिरवलं.

“आबा,” रेश्मा खिडकीकडेच बघत म्हणाली, “खोमणे कोन न्हाय. त्ये समदं तुमीच सांगितलेलं हाय. मला. फिरतीवरनं आल्यावर.”

म्हाताऱ्याला आधी कळलंच नाही. ते तिच्याकडे बघत राहिले, मग पुस्तकाकडे, मग माझ्याकडे. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. एवढं सगळं छापलेलं, पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं, आपण बोललेलं आहे, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. त्यांनी दोन्ही हात पानावर सपाट ठेवले.

“माझं व्हय?” ते म्हणाले. “मग माझं नाव कुटं हाय ह्यात? त्येवढं दावा.”

रागानं नाही विचारलं त्यांनी. दुकानात माणूस जसं आपल्याला हवं ते दाखवा म्हणतो तसं, साधं. बोट पुढे करून वाट बघत उभे राहिले, मी कुठल्या ओळीवर ते नेऊन ठेवते म्हणून.

“नाही, आबा,” मी म्हटलं. “नाही घातलं. माझ्यामुळे राहिलं.”

“बरं,” ते म्हणाले. बोट मागे घेतलं. रेश्मानं प्रबंध मिटून माझ्याकडे सरकवला आणि वडिलांच्या खांद्यावरून घसरलेलं घोंगडं नीट केलं.

“चला आबा,” ती म्हणाली. “चारची गाडी चुकंल.”